चिखल माझा, डंकन

डंकन,

माझ्या डाव्या भुवईवर चार टाके पडले होते. ते काढून महिना होऊन गेला, खूण मात्र राहिली. यार्डात कुणी विचारलं की मी सांगतो, डॉकमध्ये पाइप लागला. तुझं नाव घेत नाही. तुला झाकायचं म्हणून नव्हे. तुझं नाव घेतलं की मी तुला काय केलं तेही सांगावं लागेल, आणि ते माझ्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नाही.

तुला जाळलं त्याला आज नऊ दिवस झाले. शनिवारी फियोना येतेय, तुझी धाकटी बहीण. कानाच्या दुखण्यामुळे डॉक्टर तिला विमानात बसू देत नव्हते, म्हणून अंत्यविधीला आली नाही. तुझी चित्रं ती स्कॉटलंडला घेऊन जाणार आहे. फ्लॅटची किल्ली माझ्याकडे, तेव्हा दार मीच उघडायचं. परवा फोनवर म्हणाली, "टेबलावर एक चित्र आहे ना? डंकननं हॉस्पिटलमधून फोन केला होता. एक-एक शब्द तोडत म्हणाला, आयुष्यात काढलेलं सगळ्यात बरं चित्र टेबलावर पडलंय. ते मी आधी बघणार. आमच्या गावच्या हॉलमध्ये मधोमध लावायचंय." मी म्हणालो, "हो, आहे." चित्र आहे, हे काही खोटं नाही. पण ते तू काढलंस तसं राहिलेलं नाही, आणि हे तिला सांगायचं की तोंड मिटून चित्र गुंडाळून द्यायचं, हे मला अजून ठरवता येत नाही. म्हणून तुझ्याशीच बोलतोय. इतकी वर्षं तुझ्याशी इंग्रजीत भांडलो, आता माझ्या भाषेत भांडतो. मध्ये तोंड घालायला तू नाहीस.

आपली ओळखच रक्तानं झाली. सार्सच्या साथीच्या आदल्या वर्षी आम्ही या बेटावरच्या चोआ चू कांगमधल्या त्या ब्लॉकमध्ये राहायला आलो. दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये तू भेटलास, सहा फुटी, लाल नाकाचा, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीतून थेंब थेंब रक्त माझ्या बायकोच्या, शुभदाच्या चपलेवर. तिनं ऋचाला मागे ओढलं. तू अगदी मोठ्या मनानं पिशवी उघडून दाखवलीस. आत खंड्या होता, कुठल्याशा काचेवर आपटून मेलेला, चोच मोडलेली. "बघ, अजून गरम आहे," म्हणून तो तू आमच्या चार वर्षांच्या पोरीच्या हातावर ठेवायला निघालास. घरी आल्यावर ऋचा म्हणाली, "दॅट अंकल सो फियर्स, लाह." तेच नाव पडलं तुला आमच्या घरी, फियर्स अंकल. तुझ्या फ्रीजमध्ये फिशबॉलच्या पाकिटाशेजारी मेलेले पक्षी गोठवलेले असतात हे कळल्यावर शुभदानं वर्षभर तुझ्याकडचा चहा घेतला नाही. तुझी बायको लियान तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती. ती असताना हे चालत नसे, असं तूच एकदा कबूल केलंस.

तुझा स्वभाव गोड होता असं मी लिहिणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल सगळे असंच लिहितात आणि वाचून तुझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. तू चित्रं फाडायचास. ब्रश मोडायचास. गॅलरीवाल्या बाईनं एकदा सूर्यपक्ष्यांची सहा चित्रं मागितली, तर तू तिला बोलावून तिच्या डोळ्यांदेखत एक चित्र चार तुकडे करून दिलंस आणि म्हणालास, "हे घे, आता नऊ झाली." ती बिचारी रडत लिफ्टमध्ये शिरली. तिला टॅक्सीपर्यंत पोचवायला मीच गेलो होतो.

आणि ते कावळे. ब्लॉकमागच्या झाडांवर फार झाले म्हणून बंदूकवाले आले होते. दुपारभर धाड धाड आवाज आणि गवतावर काळे गोळे पडतायत. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. तू खाली उतरलास, एक कावळा उचललास, आणि ब्लॉकच्या मोकळ्या तळमजल्यावर, व्हॉइड डेकवर, जिथे म्हातारे बुद्धिबळ खेळतात त्या दगडी टेबलावर ठेवून त्याचं चित्र काढायला बसलास. एक डोळा बाहेर लोंबतोय, पंख मोडून पाठीखाली दुमडलाय. समोरच्या आँटी ओरडायला लागल्या, "आयो, व्हेरी डर्टी लाह! बर्ड फ्लू कमिंग, यू नो!" तू त्यांना वर बघून दात दाखवलेस. मी म्हणालो, डंकन, झाडावर जिवंत कावळे आहेत, ते काढ की. तू म्हणालास, "मरताना कुणी गोड दिसत नाही, श्री. आणि हे सगळे मरतात. मग मी काय खोटं सांगू?" मी म्हणालो, खोटं सांगू नको, पण तुला या मारामारीत मजा येते. तू ब्रश खाली ठेवलास. माझ्याकडे असा बघत राहिलास की मला वाटलं आता हा उठून मारतो. पण मारलं नाहीस. "हे आपण पुन्हा बोलू," म्हणालास. सहा वर्षांत दहा वेळा बोललो आणि दहाही वेळा भांडण अर्धंच राहिलं. माझं मत अजून तेच आहे. तुला मजा यायची. पण ती मजा बघ्याची नव्हती, हे तुला कधी म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

कारण तुझ्या त्याच डोळ्यानं मला वाचवलं. तुआसच्या यार्डात माझं काम रंगाच्या तपासणीचं. जहाजाला रंग मारून झाला की मी बॅटरी आणि आरसा घेऊन इंच इंच बघत जायचं, ओल्या स्पंजाचं यंत्र फिरवायचं. जिथे रंग सुटला असेल तिथे ते किर्र वाजतं, मग तिथे खडूनं गोल करायचा. चार बोटांची जागा सुटली तरी समुद्र तिथूनच लोखंड खायला लागतो. त्या दिवशी मी असाच एका जहाजाच्या पोटाशी उभा होतो आणि वरच्या परांचीवरून एक माणूस खाली आला. माझ्यापासून चार हातांवर. तो पडल्याचा आवाज मी इथे लिहू शकत नाही. ताज्या पांढऱ्या रंगावर उडालेलं मला अजून दिसतं. पुढचे आठ-दहा दिवस मला जेवण गेलं नाही. घरातल्या भिंतीवरचा डाग दिसला तरी मी खोलीबाहेर जायचो. शुभदा म्हणाली रजा काढ, साहेब म्हणाले डॉक्टरकडे जा. तू लिफ्टमध्ये नुसता चेहरा बघितलास आणि विचारलंस, "काय पाहिलंस?" काय झालं, असं नाही विचारलंस.

घरी नेलंस, टेबलाशी बसवलंस, पुढ्यात जाड कागद टाकलास. "डोळ्यात ठेवू नकोस ते. इथे ठेव." मी म्हणालो मला चित्र येत नाही. "मी चित्र मागितलंय का?" तू खेकसलास. दुपारभर मी तिथे लाल आणि तपकिरी पाणी ओतत होतो, हुंदके देत होतो, आणि तू पलीकडे घोरपडीचा पाय काढत होतास. तू जवळ आला नाहीस, पाठीवर हात ठेवला नाहीस. संध्याकाळी कागद उचलून बघितलास. "हात ओबडधोबड आहे. पण खोटा नाही. रविवारी पहाटे पाचला खाली ये." त्या दिवशी मी घरी येऊन वरणभात जेवलो. शुभदानं त्यानंतर तुझ्याकडचा चहा घ्यायला सुरुवात केली.

मग सगळे रविवार लिम चू कांगच्या खारफुटीत गेले. ओहोटीचं वेळापत्रक तुझ्या स्वयंपाकघरात, जिथे इतरांकडे देवाचं कॅलेंडर असतं तिथे, टांगलेलं असायचं. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या दिसल्या तेव्हा मी म्हणालो, आमच्या दाभोळच्या खाडीत या पकडून तळून खातात. तू अर्धा तास माझ्याशी बोलला नाहीस आणि मग विचारलंस, चवीला कशा लागतात. दुसऱ्या रविवारी मी बगळा काढायला पांढऱ्या रंगाची ट्यूब उघडली. तू फाडकन माझ्या मनगटावर मारलंस आणि ट्यूब हिसकावून चिखलात भिरकावलीस. "पांढरा लावायचा नसतो! कागद पांढराच असतो! तू फक्त तिथून हात लांब ठेव!" आणि मग, रंगानं निवट्या मरतील म्हणून, शिव्या देत स्वतःच गुडघाभर चिखलात ती शोधायला उतरलास आणि एक बूट कायमचा घालवून आलास. मी इतका हसलो की तू दुसरा बूट मला मारलास.

म्हणजे नियम मला माहीत होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं नियम माहीत असताना केलं आहे.

आपला शेवटचा रविवार. पाणी पार उतरलेलं. बगळा मुळांमधून चालत होता, एक-एक पाय मोजून टाकत. घोरपड कधी आली ते तू बघितलंस, मी नाही. तिनं आधी पाय धरला. बगळा पंख उघडून असा ओरडला की माझ्या हातातला थर्मास पडला. मग मान. मग ती त्याला चिखलावर आपटत राहिली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पंख निखळला तरी दुसरा हलत होता. एवढ्या काळ्या चिखलात ते पांढरं सारखं फडफडतंय आणि दर वेळी थोडं कमी होतंय. तू वही उघडली नाहीस. तुझ्या गालावरून पाणी वाहत होतं. मी विचारलं तर म्हणालास, "चूप बस."

पुढचे तीन आठवडे तू दार उघडलं नाहीस. चौथ्या आठवड्यात हॉकर सेंटरला, खाण्याच्या ठेल्यांपाशी, फिशबॉल नूडल्सच्या रांगेत तू झटका येऊन कोसळलास. उजवा हात आणि अर्धं तोंड गेलं. लियानच्या कुंड्यांना पाणी घालायला किल्ली मला दिलीस, आणि तेव्हा मी ते चित्र पाहिलं.

घोरपड होती, तिच्या कातडीवरचा थेंब न् थेंब. मुळं होती. चिखल असा की हात घातला तर बरबटेल. आणि मधोमध, तळहाताएवढी, फाटक्या कडांची कोरी जागा. चोच नाही, डोळा नाही, एक रेघ नाही. मी रोज पाणी घालायला जायचो आणि रोज त्या जागेपाशी उभा राहायचो. पंधरा वर्षं ज्या माणसानं फक्त सुटलेल्या जागा शोधल्या, त्याला दुसरं काय दिसणार? मला वाटलं, इथे पोचेपर्यंत तुझा हात गेला. बगळा घोरपडीच्या पोटात गेला, आता उरला तो चिखल, तेवढा भरायचा राहिला. तुझा रंग थाळीत वाळून पडला होता. मी त्यावर पाणी टाकलं.

सगळ्यांना सांगायला एक कारण तयार होतं: म्हाताऱ्याला आता काढता येणार नाही, निदान चित्र तरी पुरं होऊ दे. शुभदालाही मी तेच सांगितलं. ते खोटं आहे, डंकन. कागद कोरा ठेवायचा असतो हे माझ्या मनात एकदा नाही, दहादा येऊन गेलं. पण मला तुझ्या चित्रात शिरायचं होतं. सहा वर्षांत तू माझ्या एकाही कागदाला चांगलं म्हणाला नव्हतास, आणि मला दाखवायचं होतं की माझा चिखल तुझ्या चिखलाशेजारी शोभतो. अर्ध्या तासात मी ती जागा भरली. इतका सुंदर चिखल मी जन्मात काढला नव्हता. शीळ घालत कुंड्यांना पाणी घातलं आणि घरी आलो.

तुला घरी आणलं त्या दिवशी व्हीलचेअर मीच ढकलत होतो. थेट टेबलाशी नेली, तू खूश होशील म्हणून. तू बघितलंस. मग वाकड्या तोंडातून एक-एक शब्द बाहेर आला. "तो. तिथे. होता." मी म्हणालो, कोण? "पक्षी. तू. पक्षी. बुजवलास." आणि मग, "घोरपडीनं अर्धा तरी ठेवला होता."

तुझा डावा हात इतका चालतो हे मला ठाऊक नव्हतं. ब्रश धुवायची काचेची बरणी येऊन माझ्या भुवईवर फुटली. डोळ्यात रक्त आलं आणि माझं डोकं फिरलं. मी तुझी कॉलर धरली आणि तुला खुर्चीतून उचललं. तू किती हलका झाला होतास! एकाहत्तर वर्षांचा माणूस, महिनाभर हॉस्पिटलात पडलेला, आणि मी तुला उचलून पुन्हा खुर्चीत आपटलं. एकदा नाही, दोनदा. मी मराठीत ओरडत होतो, "मर! मर एकदाचा!" तुला शब्द कळले नसतील. पण तू माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघितलंस त्यावरून कळायचं ते कळलं होतं. सामान घेऊन मागून येणाऱ्या शुभदानं धावत येऊन माझे हात सोडवले.

त्यानंतर पाच आठवडे तू होतास. चार मजले वर. शुभदा रोज पेज पाठवायची, ऋचा घेऊन जायची. एकदा परत येऊन म्हणाली, "बाबा, अंकल आस्क, यू स्टिल अँग्री ऑर नॉट?" मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? "आय से या लॉर. व्हॉट टू डू, यू आर, व्हॉट." मी तिला रागावलो नाही. राग होताच, खरंच सांगितलं होतं तिनं. दुसऱ्या दिवशी जाऊ, असं मी पाच आठवडे रोज म्हणत होतो. मग एका सकाळी तुझ्याकडे राहायला ठेवलेली नर्स आमच्या दाराशी आली. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका, असा येतोच, कुणाचा दोष नाही. डॉक्टरांना मी कॉलरचं काही सांगितलं नव्हतं.

इथवर लिहून चार दिवस तसंच ठेवलं होतं. फियोना काल येऊन गेली.

तुझ्याच नाकाची, पण उंचीला माझ्या खांद्याएवढी. बॅग दारात टाकली आणि थेट टेबलाशी गेली. चष्मा लावला. मी कोपऱ्यात उभा होतो. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हं. हा त्याचाच हात." एवढंच ऐकून घेऊन गप्प बसलो असतो तर चित्र आज विमानात असतं.

मी सगळं सांगितलं. कोरी जागा, थाळीतला रंग, बरणी, कॉलर, दोनदा. "मर" म्हणालो तेही इंग्रजी करून सांगितलं. सांगताना मी टेबल धरून उभा होतो. ती बसली नाही, रडली नाही, मला बसही म्हणाली नाही.

"मी नऊ वर्षांची असताना त्यानं माझा हात मोडला," ती म्हणाली. "त्यानं ससा काढला होता. त्याला मिश्या नव्हत्या, म्हणून मी काढून दिल्या."

"मग नंतर माफी मागितली?"

"कुणी?" ती म्हणाली.

तिनं चित्र दोन्ही हातांनी उचललं आणि खिडकीपाशी नेऊन माझ्यासमोर धरलं. "तुझं किती आहे यात? बोट ठेवून दाखव. हॉलमध्ये लावायचं तर लोकांना मला सांगता यायला हवं, पक्षी इथे होता म्हणून."

मी बॅगेतून कामावरची बॅटरी काढली. यार्डात धरतो तशी तिरपी धरली. घोरपडीच्या जबड्यापासून सुरुवात केली, मुळापर्यंत गेलो, परत आलो. कुठेतरी कड असणारच, एका हाताचं पाणी संपून दुसऱ्याचं सुरू होतं ती. मी वाकून बघितलं, चष्मा काढून बघितलं, पुन्हा लावून बघितलं. सगळा एकच चिखल होता, एका हातानं एका दमात काढल्यासारखा. "इथे कुठेतरी," मी म्हणालो आणि बोट ठेवलं. मग उचललं. पुन्हा दुसरीकडे ठेवलं. फियोना चित्र धरून उभी होती, तिचे हात दुखत असणार.

डंकन, तो पक्षी कुठे होता हे मला तिला दाखवता आलं नाही.